पाठीमागून बोट फिरवा

साताऱ्याला आमचा छापखाना होता. ट्रेडल मशीनवरून निघालेला पहिला कागद बाबा कधी आधी वाचत नसत. तो उलटा करून मागून बोट फिरवत. बोटाला अक्षर लागलं की मशीन थांबायचं, पॅकिंगमधला एखादा पातळ कागद काढला जायचा आणि पुन्हा प्रूफ. समोर शाई काळीभोर आणि एकसारखी, मागे कागद सपाट, ही त्यांच्या लेखी चांगली छपाई. त्यात हौसेपेक्षा हिशेब होता. छापायच्या अक्षराचा खिळा शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा, म्हणजे मऊच. दाब वाढला की अक्षराच्या कडा बोथट होतात. देवनागरीत तर वेलांट्या आणि रफार खिळ्याच्या अंगाबाहेर अधांतरी आलेले असतात, ते पटकन मोडतात. एका लग्नसराईत आमच्याकडचे रफार इतके मोडले की सूर्यवंशींची आणि आचार्यांची पत्रिका एकाच वेळी जुळवता येईना. एक सोडायची, खिळे धुऊन केसमध्ये, म्हणजे खणांच्या खोक्यात, टाकायचे, मग दुसरी लावायची.

२०१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या जेविट्स सेंटरमध्ये एका तरुण बाईनं माझ्या हातात ग्रीटिंग कार्ड ठेवलं आणि म्हणाली, "मागून बोट फिरवून बघा." मी फिरवलं. अक्षरन् अक्षर बोटाला लागत होतं. क्षणभर वाटलं, आता बाबा मशीन थांबवणार.

तो होता नॅशनल स्टेशनरी शो. १९४६ पासून भरणारं, कागदी वस्तूंच्या धंद्यातलं अमेरिकेतलं मोठं प्रदर्शन. माझी भाची न्यू जर्सीत भेटवस्तूंचं छोटं दुकान चालवते आणि दरवर्षी तिथे माल निवडायला जायची. "मामा, तू माझ्या दुकानाचा बॅज लावून चल. इथे नुसतं बघायला कुणाला सोडत नाहीत," असं म्हणून तिनं मला नेलं. आत गेल्यावर कळलं की ही जत्रा दुकानदारांची आहे. एकेक कार्ड विकत मिळत नाही. सहाच्या पटीत घ्यायचं आणि पहिल्या ऑर्डरला किमान रक्कम ठरलेली. घाऊक भाव साधारण अडीच डॉलर, दुकानात तेच कार्ड पाच डॉलरला. भाची ऑर्डर लिहिताना आधी पाकिटं तपासायची. पाकीट पातळ असेल तर कार्ड कितीही देखणं असो, ती पुढे सरकायची. पाकिटातून आतला मजकूर दिसला की गिऱ्हाईक कार्ड परत ठेवतं, हा तिचा अनुभव.

मोठ्या कंपन्यांचे चकचकीत स्टॉल मी भरभर ओलांडले. पाय थांबले ते छोट्या गाळ्यांच्या रांगांत. नवरा-बायको, दोघी मैत्रिणी, कुठे आई आणि मुलगा, असे दोन-दोन माणसांचे छापखाने. लाकडी फळ्यांवर कार्डं, वह्या, दिनदर्शिका, भेटवस्तूला बांधायच्या चिठ्ठ्या. सगळं लेटरप्रेसवर, म्हणजे आमच्यासारखंच उठावाची अक्षरं दाबून छापलेलं.

त्या बाईच्या कार्डावर एक लाल किटली होती, खाली काळ्या शाईत आभाराचे दोन शब्द. किटलीच्या तोंडातून निघणारी वाफ मात्र शाईची नव्हती. कोरा कागद नुसता दाबून वाफेच्या रेघा उमटवल्या होत्या. कार्ड उजेडात तिरकं धरलं तरच त्या दिसत. हिशेब करा. लाल रंगाची एक फेरी, काळ्याची दुसरी, बिनशाईच्या दाबाची तिसरी. पाचशे कार्डांसाठी हातानं पंधराशे वेळा कागद लावायचा आणि काढायचा. तिचं मशीन चँडलर अँड प्राइसचं. क्लीव्हलंडच्या या कंपनीनं १९६४ साली ही मशीनं बनवणं बंद केलं. तिच्या शेजारच्या गाळेवाल्याकडे हायडेलबर्ग होतं, दोन हात गरगर फिरवत स्वतःच कागद उचलणारं. त्याला ते 'विंडमिल' म्हणतात. ताशी चार-पाच हजार कागद ते सहज छापतं, आणि त्याचंही उत्पादन १९८५ पासून बंद आहे. म्हणजे त्या दालनातला हा सगळा नवा माल अशा मशीनवर निघत होता, जी आता कुणीही बनवत नाही. पट्टा तुटला, दाता झिजला, तर जुन्या मशीनचे भाग शोधायचे किंवा लेथवर करून घ्यायचे.

मग बाबांना जो दोष वाटायचा, तो गुण कसा झाला? याची कारणं मला तिथे उभ्याउभ्या समजली. ऑफसेटनं सपाट छपाई इतकी स्वस्त आणि बिनचूक केली की सपाटपणाला मोल उरलं नाही. १९९० च्या दशकात मार्था स्ट्युअर्ट यांच्या लग्नविषयक मासिकानं खोल दाबाच्या लग्नपत्रिकांची छायाचित्रं छापायला सुरुवात केली, आणि नवऱ्यामुली तशाच पत्रिका मागू लागल्या. त्याच सुमाराला खिळ्यांच्या जागी फोटोपॉलिमरच्या पट्ट्या आल्या. संगणकावर आखणी करायची, तिची निगेटिव्ह फिल्म काढायची, ती पट्टीवर ठेवून अतिनील प्रकाश द्यायचा. प्रकाश लागला तेवढा भाग कडक होतो, उरलेला पाण्यानं धुऊन जातो. सिरॅक्यूजच्या बॉक्सकार प्रेसनं अशा पट्ट्या आणि त्या बसवायचे धातूचे ठोकळे इतर छापखान्यांना पुरवायला सुरुवात केल्यावर नवख्यांची मोठीच सोय झाली. पट्टी झिजली तर दुसरी करता येते, त्यामुळे हवा तेवढा दाब द्या. शंभर वर्षं जुना खिळा वाचवायची काळजी नाही.

आणखी एक कारण कागद. मॅसॅच्युसेट्समधल्या डाल्टन गावच्या क्रेन कंपनीनं 'लेट्रा' नावाचा शंभर टक्के कापसाचा कागद खास लेटरप्रेससाठी काढला. जाड, मऊ, गादीसारखा. अक्षर त्यात रुतून बसतं. याच क्रेनचा कागद १८७९ पासून डॉलरच्या नोटांना जातो.

कापसाच्या कागदाचं आपल्याला अप्रूप वाटायचं कारण नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. कापडाच्या चिंध्यांचा लगदा करून तिथे हातानं कागद उचलतात. प्रदर्शनात दोन-तीन ठिकाणी हातकागदाच्या वह्या दिसल्या. मागे पाहिलं तर त्या भारतातल्याच होत्या. मी एका गाळेवाल्याला सांगितलं की असा कागद माझ्या ओळखीचा आहे, तर त्यानं मला बसायला खुर्ची दिली.

अमेरिकेचा आणि मराठी खिळ्याचा संबंध तर त्याहून जुना. बॉस्टनच्या संस्थेनं पाठवलेले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांनी छापखाना घातला. त्याच अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे घडवले, आणि तिथेच खिळे घासायच्या कामावर एक पोरगा लागला, जावजी दादाजी. या पोरानं १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या अक्षराची वळणं आजही कुणी पाहिली तर त्याला ती नव्या फाँटपेक्षा जास्त जिवंत वाटतील, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजी जुळवणाऱ्याला कॅलिफोर्निया जॉब केस पुरते. तिला घरं ८९. आपल्या जुळाऱ्यासमोर केसा रचलेल्या असत आणि खिळ्यांचे प्रकार काही शे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षराचं अर्धं अंग वेगळं. आमचा जुळारी डोळे न वळवता ऱ्हस्व उकार उचलायचा. हे कौशल्य कुठल्या प्रदर्शनात मांडलं गेलं नाही, त्याची मला फार हळहळ वाटते. मात्र त्या गाळ्यांतून फिरताना एक गोष्ट लख्ख दिसली. पॉलिमरच्या पट्टीला लिपी कळत नाही. तिच्यावर देवनागरीही तितकीच खोल उमटेल, रफारासकट, आणि तो मोडणारही नाही. शुभ दीपावलीचं मराठी कार्ड हातकागदावर लेटरप्रेसनं छापायला आज फक्त एक चालू ट्रेडल आणि ते चालवणारा माणूस हवा.

भाचीनं त्या किटलीच्या कार्डांचे सहा संच घेतले. पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यातले पाच संपले, असं तिनं फोनवर सांगितलं. ते प्रदर्शन पुढे २०२० पासून भेटवस्तूंच्या एका मोठ्या प्रदर्शनात सामील झालं, पण दोन माणसांचे ते छापखाने चालू आहेत.

आमचा छापखाना चालू नाही. बाबांच्या मागे आम्ही ट्रेडल काढलं आणि खिळे किलोवर विकले. रिकाम्या झालेल्या केसांपैकी एक भिंतीवर लावायला ठेवून घेतली. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं. जेविट्स सेंटरमध्ये जुन्या खिळ्यांनी छापलेल्या एका कार्डाभोवती माणसं जमलेली पाहिली, तेव्हा आपण काय घालवलं ते कळलं. देवनागरीचा जुना खिळा आता नव्यानं ओतून मिळणं अतिशय कठीण आहे.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावात एखादा जुना छापखाना कुलूपबंद असेल, किंवा तुमच्याच माळ्यावर खिळ्यांच्या केसा पडलेल्या असतील, तर भंगारवाल्याला बोलावू नका. कुणी शोभेला म्हणून चार अक्षरं मागितली तर तीही देऊ नका. संच फुटला की उरलेल्या खिळ्यांत एक ओळसुद्धा धड जुळत नाही. केसा जशा आहेत तशा, अक्षरं आपापल्या घरात ठेवून, एकत्र राहू द्या, आणि छपाई शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती पूर्ण संच द्या.