बंद पडायला किती वेळ लागला?

डेस्कटॉप चालू होऊन पुन्हा बंद पडू लागला की पहिला संशय एसएमपीएसवर जातो. त्याआधी घड्याळ पाहावे, कारण बहुतेक बिघाडांची वेळ ठरलेली असते. पंखा जेमतेम फिरून क्षणात थांबला, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएसने स्वसंरक्षणासाठी पुरवठा तोडला आहे. दर वेळी साधारण ४ सेकंदांनीच बंद होत असेल, तर पॉवरचे बटण तपासावे. ते तेवढा वेळ दाबून धरले की मदरबोर्ड सक्तीने बंद होतो. धूळ साचून आत अडकलेले बटण नेमके तेच करते. (हा दोष फुकटात सुटतो, म्हणूनच कदाचित कुणी सुचवत नाही.) काही मिनिटांनी बंद पडला, तर प्रोसेसरवरचा हीटसिंक सैल झालेला किंवा थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते.

सरळ नवा एसएमपीएस लावून पाहणे सोपे नाही का? सोपे खरे, पण शॉर्ट मदरबोर्डवर असेल तर नवाही तसाच बंद पडेल. मात्र तापमान ठीक असून जड गेम सुरू करताच संगणक बंद पडत असेल, तर तो संशय रास्त आहे: १२ व्होल्टचा पुरवठा भाराखालीही ११.४ च्या खाली जाता कामा नये.