क्षार, पाणी आणि पातळ पापुद्रा

पुणे-नाशिक रस्त्यावरील कळंब आणि आसपासच्या गावांत टोमॅटो-मिरचीच्या गादीवाफ्यांवर अंथरलेला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. नावात ‘पेपर’ असला तरी तो कागद नव्हे; तो पॉलिथिन या बहुवारिकाचा, म्हणजेच पॉलिमरचा, पापुद्रा होय. भाजीपाल्यासाठी त्याची जाडी साधारणतः २५ ते ३० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्याखालून ठिबकच्या नळीवाटे कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट यांसारखी विद्राव्य खते जातात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही खते क्षारच आहेत. हंगामाअखेर पेपर ठिसूळ होऊन फाटू लागला की ‘खतानेच पेपर खाल्ला’, असे मानण्याकडे सहज कल होतो. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे, हे या लेखात पाहू.

प्रथम ‘पापुद्रा खराब झाला’ याचा अर्थ निश्चित केला पाहिजे. पापुद्र्याचे यांत्रिक गुण मुख्यतः तीन: तुटण्यापूर्वी तो किती ताण सोसतो, ही त्याची ताकद, तुटेपर्यंत तो किती लांबतो, ही त्याची लांबण, आणि ताणाला तो सुरुवातीस किती विरोध करतो, हा त्याचा ताठरपणा. हे तिन्ही गुण एकाच वेळी सारखेच बदलतात असे नाही. जुना झालेला मल्चिंग पेपर प्रथम लांबण गमावतो. म्हणूनच तो ताणला न जाता काडकन फाटतो.

आता क्षार या गुणांवर कसा परिणाम करू शकतो? पाण्यात विरघळलेल्या क्षाराचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, होतात. पापुद्र्याचे गुण बदलण्यासाठी पाण्याने व आयनांनी त्याच्या रेणूसाखळ्यांमध्ये शिरकाव करावा लागतो. पॉलिथिनची साखळी केवळ कार्बन व हायड्रोजन यांची असते. तिच्यावर विद्युतभार नसतो आणि पाण्याला धरून ठेवणारे गटही नसतात. त्यामुळे पाणी तिच्यात जवळजवळ शिरतच नाही, आणि पाण्यावाचून आयनही शिरत नाहीत. पेपरवर दिसणारा खताचा पांढरा थर पृष्ठभागावरच राहतो.

मग पेपर ठिसूळ कशाने होतो? मुख्यतः सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे. त्यांच्या संयुक्त क्रियेने लांब साखळ्या तुटतात. वाफ्याच्या कडेला मातीत दाबलेला भाग सतत ओल्या मातीत राहूनही उघड्या भागापेक्षा अधिक शाबूत निघतो, याचे कारण हेच. पॉलिहाऊसच्या सुमारे २०० मायक्रॉन जाडीच्या आच्छादनाबाबत मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यात अतिनील किरणांपासून रक्षण करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. गंधक व क्लोरिनयुक्त औषधांच्या वारंवार फवारणीने ती निकामी होऊ शकतात. तेथेही साखळ्या तुटतात त्या उन्हानेच. औषध केवळ राखणदाराला दूर करते.

याउलट ज्या बहुवारिकांना पाणी प्रिय असते, त्यांची गोष्ट निराळी. याचे उत्तम उदाहरण चित्रपटाच्या फिल्मवर सापडते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. फिल्म धुण्याच्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. या फिल्मवर जिलेटिनचा अत्यंत पातळ थर असतो आणि त्या थरातच चित्र उमटते. जिलेटिन पाणी शोषून फुगते व मऊ पडते. उष्ण प्रदेशात धुण्याचे पाणी कोमट झाले की हा थर सुरकुततो, कधी निसटूनही जातो. यावर जगभरातील छायाचित्रकारांनी जे उपाय वापरले, ते क्षारांचेच होते. उष्ण हवामानासाठीच्या द्रावणात सोडियम सल्फेट घालत. पुढच्या द्रावणात तुरटी किंवा क्रोम तुरटी वापरत.

हे दोन उपाय निरनिराळ्या रीतीने काम करतात. सल्फेटचे आयन पाण्याला आपल्याभोवती घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे थरात कमी पाणी शिरते, साखळ्या जवळ राहतात आणि थर फारसा मऊ पडत नाही. क्षार धुऊन टाकला की हा परिणामही सरतो. तुरटीतील ॲल्युमिनियमचा आणि क्रोम तुरटीतील क्रोमियमचा आयन मात्र तीन भारांचा असतो. तो शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतो. अशी गाठ बसली की थर अधिक कणखर होतो.

सर्वच क्षार सारखे वागत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. १८८८ साली प्राग येथे फ्रान्झ होफमायस्टर यांनी अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिनांवर प्रयोग करून क्षारांचा एक क्रम लावला. सल्फेट प्रथिनांना द्रावणातून सहज बाहेर काढतात. नायट्रेट त्या मानाने फार दुबळे ठरतात. कॅल्शियम क्लोराइडसारखा क्षार तर स्टार्चच्या पापुद्र्यात शिरून साखळ्यांमधील बंध सैल करतो, हवेतील ओल ओढून घेतो आणि पापुद्र्याला मऊ व लवचीक करतो. त्याची ताकद मात्र घटते.

हा भेद आपल्या शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्या गुणामुळे पॉलिथिन क्षाराला दाद देत नाही, त्याच गुणामुळे मातीतील जीवाणूंनाही ते सहज पचत नाही. फाटलेले तुकडे गोळा केले नाहीत तर वर्षानुवर्षे शेतात साचत राहतात. म्हणून स्टार्चसारख्या विघटनशील पदार्थांच्या आच्छादनाकडे पाहिले जाते. परंतु अशा आच्छादनाची पारख करताना केवळ कोरडा ताण मोजून भागणार नाही. ठिबकमधून जी खते जाणार, त्यांच्याच द्रावणात भिजवून त्याची ताकद व लांबण पाहिली पाहिजे.

अशी परीक्षा वसतिगृहातील विद्यार्थीही करू शकतील. एकाच मल्चिंग पेपरच्या, एकाच दिशेने कापलेल्या, दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या घ्याव्यात. दिशा बदलली तर ताकदही बदलते. काही पट्ट्या साध्या पाण्यात व काही खताच्या द्रावणात अंधारात ठेवाव्यात, काही नुसत्या उन्हात, तर काही द्रावणात बुडवून उन्हात. महिन्याभराने पट्टी टांगून हळूहळू वजन वाढवावे आणि ती किती वजनाला, किती लांबून तुटली, याची नोंद करावी. २५ मायक्रॉनच्या अशा पट्टीचा छेद अवघा अर्धा चौरस मिलिमीटर असतो. म्हणून एक-दोन किलोंपर्यंतची वजने पुरतील. कापताना कडेला खाच पडली तर पट्टी लवकर तुटते. यासाठी प्रत्येक प्रकारच्या निदान पाच पट्ट्या घेऊन सरासरी काढावी.

खत आणि ऊन शेतात एकत्रच असतात. त्यांचा परिणाम वेगळा करून पाहिल्याखेरीज दोष कोणाचा हे सांगता येत नाही. दोष चुकीच्या माथी मारला तर शेतकरी नाहक खत कमी करील आणि पेपर तरीही फाटेल.