शेवटची तपासणी परिचारिकेची

आंबा घाटात मोटारीला अपघात झाला, किंवा शाहूवाडीच्या एखाद्या वाडीत बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, म्हणजे गाडी मलकापूर मागे टाकून कोल्हापूरचा रस्ता धरते. रुग्ण अतिदक्षता विभागात जातो आणि नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात. रक्ताची पिशवी हाती आली की त्यांना हायसे वाटते. वस्तुतः एक मोठा धोका तेथून पुढेच सुरू होतो, आणि तो अडविण्याची अखेरची जबाबदारी परिचारिकेवर असते.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध जाहीर केल्यापासून रक्त देणे हे शास्त्र झाले. तरीही चुकीचे रक्त दिले जाण्याचे प्रसंग घडतात, ते बहुधा गट चुकीचा तपासल्यामुळे नव्हे, तर माणूस चुकल्यामुळे. एकाच आडनावाचे दोन पाटील शेजारच्या खाटांवर असणे आपल्याकडे नवलाचे नाही. साध्या वॉर्डातील रुग्ण आपले नाव सांगू शकतो; थंडी वाजते, कंबर दुखते, अशी तक्रार करू शकतो. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या घशात नळी असते, तो गुंगीत असतो. त्याच्या वतीने बोलणारी एकटी परिचारिकाच.

म्हणून तिला पुष्कळ काही ठाऊक असावे लागते. तपासणीच्या नमुन्यावर रुग्णाचे नाव त्याच्या खाटेपाशीच लिहावयाचे, नंतर टेबलावर नव्हे. पिशवीवरील नाव, नोंदणी क्रमांक आणि रक्तगट दोघांनी मिळून रुग्णाच्या मनगटावरील पट्टीशी ताडून पाहावयाचे. शीतकपाटातून काढलेले रक्त ३० मिनिटांच्या आत सुरू करून ४ तासांत संपवावयाचे आणि त्याच नळीतून औषध वा ग्लुकोज सोडावयाचे नाही. पहिली १५ मिनिटे रुग्णापासून हलावयाचे नाही. रक्तदाब एकाएकी उतरला, लघवी लाल झाली, सुईच्या जागेतून रक्त झिरपू लागले, तर प्रथम रक्त बंद करावयाचे; डॉक्टरांना हाक त्याच क्षणी, पण रक्त चालू ठेवून नव्हे.

या काटेकोरपणाचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्रातच मिळाला. १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बाँबे’ रक्तगट शोधून काढला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ भासतो. परंतु अशा व्यक्तीला ‘ओ’ रक्त दिले तर ते प्राणघातक ठरू शकते. दात्याचे व रुग्णाचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहिले की तो उघडकीस येतो. ‘ओ रक्त कोणालाही चालते’ हे ऐकीव ज्ञान किती अपुरे आहे, याचा याहून बोलका पुरावा नाही.

परंतु हे ज्ञान परीक्षेपुरते एकदा पाठ करून भागत नाही. त्याची उजळणी रुग्णालयाने वेळोवेळी करून घेतली पाहिजे. एका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार टाकून तिने १५ मिनिटे एका रुग्णापाशी उभे राहावे, ही अपेक्षा फोल आहे. रक्त देताना उद्भवणाऱ्या प्रतिक्रियांची नोंद व्हावी यासाठी देशात डिसेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. पण चूक सांगणाऱ्या परिचारिकेलाच शिक्षा होणार असेल, तर नोंदवहीची पाने कोरीच राहतील.

समाजाचेही येथे एक साधे कर्तव्य आहे. पिशवी आणून दिल्यावर सिस्टर तिच्यावरील क्रमांक दुसऱ्यांदा वाचीत असतील, तर ‘लवकर करा’ म्हणून नातेवाईकांनी त्यांच्यामागे तगादा लावू नये. तो विलंब रुग्णाच्या प्राणरक्षणासाठीच असतो.