इंजिनाचा ऑइल पंप बदलताना घ्यावयाची दक्षता

सिडको महामंडळाची स्थापना १९७० साली झाली व नवी मुंबईच्या उभारणीसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन निश्चित करण्यात आली. त्या जमिनीपैकी पुष्कळशी भातखाचरे आता वसाहतींखाली गेली आहेत. तथापि पनवेल व उरण तालुक्यांच्या उर्वरित भागांत व खाडीलगतच्या खारभूमीत भाताचे पीक अद्याप घेतले जाते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ यांसारखे वाण शेतकऱ्यांस दिले आहेत. परंतु वाण कितीही उत्तम असला तरी २१ ते २५ दिवसांचे रोप वेळेवर खाचरात लागले पाहिजे. बैलजोड्या पूर्वीइतक्या राहिल्या नसल्याने चिखलणीचा भार मुख्यत्वे पॉवर टिलरवर पडतो, आणि एकाच टिलरवर अनेक घरांची लावणी अवलंबून असते. ऐन आषाढात त्याचे इंजिन जाम झाले, तर हानी केवळ यंत्राच्या मालकाची होत नाही.

इंजिन जाम होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे वंगणाचा तुटवडा. ऑइल पंप चेंबरमधील तेल जाळीतून ओढून घेतो व दाबाने बेअरिंगांपर्यंत पोचवितो. हा पुरवठा खंडित झाल्यास धातूवर धातू घासून थोड्याच वेळात बेअरिंग वितळते व क्रँकशाफ्टला चरे पडतात. पंपाच्या किमतीच्या मानाने ही दुरुस्ती कितीतरी पट महाग पडते.

दोष पंपाचाच आहे काय?

तेलाचा दाब कमी दिसताच नवा पंप आणण्याची घाई करू नये. प्रथम यंत्र सपाट जागी उभे करून डिपस्टिकने तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. तेल पातळ होऊन त्यास डिझेलचा वास येत असेल तर इंधनाची गळती शोधावी. त्यानंतर फिल्टर व जाळी तपासावी. दाब दाखविणारा निर्देशकही बिघडलेला असू शकतो. म्हणून कारागिराकडून स्वतंत्र दाबमापक लावून, इंजिन तापल्यावर दाब मोजून घ्यावा व तो इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा.

बेअरिंगे झिजली असतील तर नव्या पंपाने गुण येत नाही. पाटाला ठिकठिकाणी भगदाडे पडली असता विहिरीवरचा पंप कितीही जोराने चालविला तरी शेवटच्या वाफ्यास पाणी पोचत नाही. तसाच हा प्रकार होय. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढविण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. तीमुळे मापकाचा काटा वर चढला, तरी झीज तशीच राहते व फिल्टरच्या सीलवर अकारण ताण येतो.

पर्यायी पंपाची निवड

मूळ कंपनीचा पंप मिळत नसेल किंवा परवडत नसेल, तर अन्य कारखान्याने स्वतःच्या नावाने तयार केलेला पंप वापरण्यास हरकत नाही. मात्र पर्यायी माल व नकली माल यांतील भेद ओळखावा. पर्यायी माल बनविणारा आपले नाव व पत्ता वेष्टनावर छापतो. नकली माल दुसऱ्याच्या नावाखाली विकला जातो. वेष्टनावर सुटा भाग क्रमांक, निर्मात्याचा पत्ता व कमाल किंमत छापलेली आहे की नाही, हे पाहून पक्के बिल घ्यावे.

दुकानात जाताना जुना पंप बरोबर न्यावा. दात्यांची संख्या, शाफ्टची लांबी, जोडणीची खाच, बोल्टच्या छिद्रांतील अंतर व तेलाच्या वाटा दोहोंत एकसारख्या असाव्यात. झाकण काढून पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवावी व गिअर आणि पट्टी यांमधील फट फीलर गेजने मोजावी. ही फट सामान्यतः एक दशांश मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. निश्चित मर्यादा पुस्तिकेतूनच घ्यावी. पंप हाताने फिरविला असता कोठेही न अडकता फिरला पाहिजे. अधिक तेल फेकणारा पंप अधिक चांगला, हा समज बरोबर नाही.

जोडणी

जुने तेल काढून चेंबर उतरावा. तळाशी धातूचा चुरा आढळल्यास तो कोठून आला हे कळेपर्यंत नवा पंप बसवू नये. चेंबर, जाळी व तेलाच्या वाटा स्वच्छ करून चिंधीचे धागे मागे राहिले नाहीत याची खात्री करावी. गॅस्केट मूळ जाडीचेच वापरावे. चिकटद्रव्य सढळ हाताने लावल्यास त्याचे तुकडे सुटून जाळीत अडकतात. तेल ओढणाऱ्या नळीचे सील नवे घालावे, कारण तेथे बारीकशी फट राहिली तरी पंप तेलाऐवजी हवा ओढतो.

बसविण्यापूर्वी पंपात स्वच्छ तेल भरून तो हाताने फिरवावा. कोरडा पंप तेल पकडण्यास वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात बेअरिंगे कोरडी फिरतात. बोल्ट आलटून पालटून, सारख्या ताणाने आवळावेत. नवा फिल्टर व पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे तेल घालावे.

पहिली चाचणी

डिझेल बंद ठेवून इंजिन थोडे फिरवावे आणि दाब दिसू लागल्यावरच सुरू करावे. सुरू केल्यानंतर काही सेकंदांत दाब न आल्यास तत्काळ बंद करावे. इंजिन मंद गतीवर चालवून गळती पाहावी. तापल्यावर दाब पुन्हा मोजून त्याची नोंद तारखेसह वहीत ठेवावी. पुढील हंगामात झीज किती झाली, हे त्या नोंदीवरून कळेल.

ही सर्व तपासणी वैशाखातच उरकणे हितावह आहे. मृग लागल्यानंतर कारागीर व सुटे भाग दोन्ही वेळेवर मिळत नाहीत, आणि तरव्यातील रोपे यंत्राच्या दुरुस्तीसाठी थांबत नाहीत.