विधिशिक्षकाची लेखणी आणि कायदा

विद्यापीठातील विधिशिक्षकाचे संशोधन म्हणजे केवळ जुन्या निवाड्यांचे संकलन नव्हे. न्यायालयासमोर एका वेळी एकच वाद असतो, तर अभ्यासक त्या वादाचा निर्णय पूर्वीच्या निर्णयांशेजारी ठेवून पाहतो. निर्णयातील तर्क पुराव्याशी व कायद्याच्या शब्दांशी जुळतो काय, हे तो तपासतो. अशा लेखनाला न्यायालयीन आदेशाचे बळ नसते. त्याचे सारे सामर्थ्य युक्तिवादात असते. हे सामर्थ्य किती दूरवर पोहोचू शकते, हे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याच्या इतिहासावरून दिसून येते.

२६ मार्च १९७२ रोजी रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर व आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान होते. आरोपी दोघेही पोलीस होते. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले; मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले; आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पुन्हा मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या व तिने आरडाओरड केली नव्हती, यावरून न्यायालयाने प्रतिकाराचा अभाव, आणि म्हणून संमती, असे अनुमान काढले.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी चार विधिशिक्षकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर व लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धगमवार हे ते चौघे होत. पत्राची भाषा तीव्र होती, परंतु त्याची मांडणी अभ्यासकाची होती. संमती आणि निमूटपणे सोसणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील मुख्य मुद्दा. संमतीत स्वीकार असतो. परंतु भीतीपोटी केलेल्या प्रत्येक स्वीकारात संमती असतेच असे नाही. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या, निर्धन व असहाय मुलीचे मौन हा तिच्या इच्छेचा पुरावा कसा मानावा, असा त्यांचा प्रश्न होता. स्त्रीला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावू नये, या दंडप्रक्रियेतील नियमावर न्यायालयाने एप्रिल १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात भर दिला होता. सत्पथी या ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री होत्या. त्यांना लाभलेले संरक्षण मजूर मुलीच्या बाबतीत का आठवू नये, याकडेही पत्राने लक्ष वेधले.

निर्णय बदलला नाही. मात्र पत्र विधिनियतकालिकाच्या पानांत अडकून राहिले नाही. १९८० च्या आरंभी मुंबई, दिल्ली आदी शहरांत स्त्री-संघटनांनी ते हाती घेऊन आंदोलन उभारले. विधी आयोगाने त्याच वर्षी आपल्या ८४ व्या अहवालात या कायद्याचा फेरविचार केला आणि १९८३ मध्ये संसदेने फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संभोग सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे कलम ‘११४ अ’ पुरावा अधिनियमात आले. पीडितेची ओळख उघड करणे हाही तेव्हापासून गुन्हा ठरला. म्हणूनच त्या मुलीचे नाव येथे दिलेले नाही. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे तत्त्व २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत नोंदविले. कलम ‘११४ अ’ मधील तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे.

या बदलाचे श्रेय एकट्या पत्राला देता येणार नाही. आंदोलनाचा रेटा नसता तर संसद हलली नसती. परंतु संतापाला नेमका कायदेशीर प्रश्न पुरविला तो या पत्राने. ज्या मुलीच्या निमित्ताने तो विचारला गेला, तिच्या वाट्याला मात्र या सुधारणेतील काहीच आले नाही. कायद्याच्या अभ्यासकाने निकाल लागल्यानंतरही तो पुन्हा वाचावा, याचे कारण बहुधा हेच असावे.