रानवाट आणि रणगाडा



जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचे घोडदळ जव्हार-रामनगरच्या रानातून सुरतेवर आले. रामनगर म्हणजे आजच्या धरमपूरचा परिसर. घोड्यांना त्या रानाने वाट दिली. जड तोफखाना मात्र बरोबर नव्हता. शहर हाती आले, किल्ला आला नाही.

आज सुरतेजवळच हजिरा येथे सुमारे ५० टनांची ‘के-९ वज्र’ तोफ तयार झाली आहे, आणि सुमारे २५ टनांचा ‘जोरावर’ हा हलका रणगाडा जुलै २०२४ मध्ये तेथेच दाखविण्यात आला. अशी अवजड यंत्रे मऊ जमिनीत रुतत कशी नाहीत?

उत्तर वजनात नसून दाबात आहे. समजा, २ टनांच्या जीपचे चारही टायर मिळून १,००० चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकतात. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला २ किलो. आता २५ टनांच्या रणगाड्याचे दोन पट्टे प्रत्येकी ४ मीटर लांब व अर्धा मीटर रुंद धरा. दाब भरतो जेमतेम ०.६ किलो! याच कारणाने चिखलात शिरण्यापूर्वी कुशल चालक टायरांतील हवा कमी करतो. टेकणारे क्षेत्र वाढते, दाब घटतो.

तथापि रानवाट एवढ्यावर वश होत नाही. भिजलेली काळी माती टायरच्या खाचांत भरते, चाक गुळगुळीत होते व जागीच फिरते. इंजिनाची शक्ती शाबूत असते, पकड नसते. शिवाय प्रत्येक वाहन ओली माती तुडवून अधिक दुबळी करते आणि चाकोरी खोल जाते. अखेर मधला उंचवटा वाहनाच्या पोटाला टेकतो. भार चाकांवरून उतरतो आणि उरलीसुरली पकडही जाते. म्हणून पहिली गाडी सुखरूप जाते व दहावी रुतते. त्या दहाव्या गाडीत जखमी सैनिक असू शकतात, हे विसरू नये. पट्ट्यांनाही झाडांचे बुंधे अडवतात; तीव्र वळण घेताना ते जमीन खरवडतात व कधी निसटतातही.

आपला गाडीवान जुनी खोल चाकोरी टाळून बैल बाजूने हाकतो. सैनिकी चालकही आधी उतरून वाट पायांनी चाचपतो. शास्त्र दोघांचे एकच आहे. फौज निघून गेल्यावर त्या चाकोऱ्यांतून पावसाचे पाणी धावते आणि गावकऱ्यांची पायवाट वाहून जाते, याचाही हिशेब शास्त्राने ठेवला पाहिजे.