दुसऱ्याच्या नंबरावर

2008 च्या दिवाळीआधी मी पुण्यात एका सीडीसाठी दोन हजार रुपये मोजले होते. सीडीवर मार्करने लिहिलेलं होतं, 'पुणे मोबाइल 50 हजार'. विकणाऱ्याने एक्सेलची फाइल उघडून दाखवली. नाव, नंबर, पेठ, काहींच्या पुढे गाडीचं मॉडेलसुद्धा. हे सगळं त्याच्याकडे आलं कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. मी विचारलं ते एवढंच, की यातले चालू किती?

गिऱ्हाईक होतं साड्यांचं दुकान. देवनागरीत लिहिलं तर एका मेसेजात 70 अक्षरंच मावत आणि रोमन लिपीत 160, त्यामुळे पैठणीचं निमंत्रण रोमन मराठीतच गेलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फोनवर शिव्या सुरू झाल्या. मालकांनी एक फोन मुद्दाम माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस ओरडत नव्हता. म्हणाला, "काल वडिलांचं दहावं होतं. घाटावर तुमचा मेसेज आला. माझा नंबर तुम्हाला कोणी दिला, तेवढं फक्त सांगा." मी 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवून दिला. या धंद्यातलं माझं पहिलं खोटं ते.

नको असलेल्या फोनकॉलविरुद्धची नोंदवही ट्रायने 2007 मध्येच सुरू केली होती, पण तिचा रोख असा की ज्याला नको त्याने येऊन सांगावं. न सांगणाऱ्याचा नंबर म्हणजे गावकुसाबाहेरची बोरं, कोणीही झोडावीत. 27 सप्टेंबर 2011 पासून नियम कडक झाले. रात्री नऊ ते सकाळी नऊ जाहिरातीचा मेसेज बंद, आणि एका सिमवरून दिवसाला शंभरच मेसेज. ही मर्यादा पुढे दोनशेवर गेली. आम्ही काय केलं? सिमं वाढवली. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडच्या लोकांविषयी अफवा पसरल्या, तेव्हा सरकारने काही दिवस पाचांहून जास्त मेसेज एकदम पाठवायलाच बंदी केली, आणि आमच्यासारख्यांची धावपळ बघण्यासारखी होती. देशात माणसं भीतीने रेल्वे भरभरून गावी पळत होती आणि आम्हाला चिंता होती गिऱ्हाइकांच्या सेलची. 2018 च्या नियमांनी मात्र पळवाटा बऱ्याच बुजवल्या. पाठवणाऱ्याची नोंदणी, मेसेजच्या साच्याला आधी मंजुरी, ग्राहकाच्या संमतीची नोंद. तोवर सगळा बाजार व्हॉट्सअ‍ॅपवर निघून गेला होता.

वीस-बावीस वर्षं ही कामं करून मागे बघतो तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते. नवखा माणूस अडकतो तो स्वतःचा माल विकताना क्वचितच. अडकतो ते दुसऱ्याचं काहीतरी वापरताना. दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याने काढलेला फोटो, आणि सगळ्यात महाग म्हणजे दुसऱ्याचा विश्वास.

नावाचंच घ्या. रेडिफने 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली ती 'रॅडिफ' नावाच्या डोमेनविरुद्ध. इंग्रजीत लिहिताना फरक एका अक्षराचा. न्यायालयाने ते नाव वापरायला मनाई केली. तरी पुढची कित्येक वर्षं नवीन दुकानदार मला विचारत राहिले, "त्या प्रसिद्ध मिठाईवाल्यासारखंच नाव मिळेल का हो, एखादं अक्षर इकडेतिकडे करून?" मग गूगलवर जाहिराती आल्या आणि मागणी बदलली. कोणी शेजारच्या दुकानाचं नाव शोधलं की वर आपली जाहिरात दिसली पाहिजे. हे मी केलेलं आहे. 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं, की दुसऱ्याचा ट्रेडमार्क असा कीवर्ड म्हणून वापरल्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होत असेल तर ते उल्लंघन ठरू शकतं, आणि असे शब्द विकून पैसे कमावणाऱ्या गूगललाही हात झटकता येणार नाहीत. शोधणाऱ्याला खरोखर फसवलं गेलं का, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. पण मला आपलं वाटतं, शेजाऱ्याच्या पाटीखाली उभं राहून त्याचं गिऱ्हाईक वळवणाऱ्याला पेठेत काय म्हणतात हे कळायला कोर्टात जावं लागत नाही.

फोटोंविषयी थोडक्यात. 'गूगलवरून घेतला' हा कॉपीराइटच्या नोटिशीवरचा खुलासा नव्हे. आणि आपल्याकडचा खास खड्डा म्हणजे शिवजयंतीचं पोस्टर. मध्ये महाराज, खाली दुकानाचा लोगो आणि 'आज 20 टक्के सूट'. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा 1950 चा कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाहीत. अभिवादन करायचं तर करा की, सूट दुसऱ्या दिवशी द्या.

2011 चा उन्हाळा मात्र वेगळाच आठवतो. स्पीक एशिया. वर्षाचे 11 हजार रुपये भरायचे, घरबसल्या सर्व्हे भरायचे आणि पैसे मिळवायचे. त्याहून जास्त पैसे नवीन माणसं आणली की. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त शिक्षक रोज संध्याकाळी नेटकॅफेत बसून मन लावून उत्तरं भरत. टूथपेस्ट कोणती, मोबाइल कोणता. त्यांनी दोन भाच्यांना, एका विहीणबाईंना आणि दूधवाल्याला आत घेतलं होतं. मे महिन्यात बातम्या सुरू झाल्या, पैसे अडकले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रारी गेल्या. अशा पैशाच्या साखळ्यांवर बंदी घालणारा कायदा 1978 सालचा. म्हणजे तो त्या वेळी तेहेतीस वर्षांचा होता, आणि मास्तरांना ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. त्यांचे 11 हजार गेले याचं त्यांना फार नव्हतं. विहीणबाईंच्या घरी जाणं बंद झालं, ते लागलं. डिसेंबर 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजनांना पुन्हा स्पष्ट मनाई केली. पण आज 'माझ्या लिंकवरून कोर्स घ्या आणि तोच कोर्स पुढे विका' असं सांगणारी कॉलेजची मुलं बघतो, तेव्हा मला मास्तरांचा नेटकॅफे दिसतो.

रिव्ह्यूंचं पाप माझ्या खात्यावर आहेच. एका खानावळीसाठी एका संध्याकाळी चाळीस पंचतारांकित अभिप्राय गोळा केले, आचाऱ्याच्या मेहुण्यापासून माझ्या मावसभावापर्यंत सगळ्यांकडून. मजकूर मीच पाठवला होता. चाळीसपैकी एकतीस जणांनी 'चविष्ट' हा शब्द एकाच प्रकारे चुकवला, कारण मूळ चूक माझी होती. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, तेव्हा पहिल्यांदा मला माझं शुद्धलेखन आठवलं.

इन्फ्लुएन्सरांचं प्रकरण आणखी वेगळं. पॅराशूट तेलावर टीका करणाऱ्या एका यूट्यूबरविरुद्ध मॅरिको मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2020 च्या आदेशात एकल न्यायाधीशांनी म्हटलं, की मोठा चाहतावर्ग असलेल्या माणसाला सामान्य माणसाइतक्या सहजपणे काहीही बोलून मोकळं होता येत नाही. वाद पुढे खंडपीठापुढे गेला, पण हा मुद्दा मला पटतो. टीकेचं स्वातंत्र्य हवंच. मात्र ज्याच्या शब्दावर लोक बाटली उचलतात किंवा ठेवतात, त्याने बोलण्याआधी तपासायला नको? त्याच वर्षी जुलैत नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर वर्षभर जाहिरातबंदी येऊ शकते. 2021 मध्ये जाहिरात मानक परिषदेने आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की पैसे, फुकट वस्तू किंवा फुकट सहल घेतली असेल तर ते पोस्टमध्ये ठळक दिसलं पाहिजे. वीस हॅशटॅगांच्या शेपटीत लपवून चालणार नाही. यावर एका ताईंनी मला विचारलं होतं, "पण मग लोक विश्वास कसा ठेवतील?" त्यांच्या प्रश्नातच सगळं होतं.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे मे 2027. दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये. आकडा मोठ्यांसाठी असला, तरी संमतीशिवाय नंबर वापरू नये ही अट फराळ विकणाऱ्या घरगुती उद्योगालाही समजून घ्यावी लागेल.

तेव्हा तुमच्याकडे सोसायटीच्या व्हिजिटर वहीतून, लग्नाच्या यादीतून किंवा कुठल्या क्लासच्या रजिस्टरमधून उतरवलेले नंबर असतील, तर ती फाइल आज पुसून टाका. आणि कोणी फोन करून विचारलं, की माझा नंबर तुम्हाला कोणी दिला, तर 'राँग नंबर' म्हणू नका. खरं सांगा आणि माफी मागा.